पहिल्या दिवशी घाई, मग सहा महिने आळस: लेथसाठी ओलं लाकूड सुकवायचं कसं

आपण लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून हत्यारानं कोरायच्या यंत्रावर, लाकडाचे वाडगे कातायला लागलो की लोकांना ते बरोब्बर लक्षात राहतं. वादळात कुठं झाड पडलं, कुणी अंगणातली जाड फांदी छाटली की फोन येतो, तुला लाकूड लागतं ना, घेऊन जा की. आणि आपण जातो, अगदी पळत जातो, गाडीत मावत नसलं तरी कोंबून आणतो, आणि मग ते ओंडके कोपऱ्यात रचून ठेवतो, वाळले की बघू म्हणून. माझा पहिला चांगला ओंडका असाच गेला. ३० सेंमी जाडीचा, सरळ, एक गाठ नाही. तिसऱ्या दिवशी कापलेल्या तोंडावर केसासारख्या रेघा दिसल्या, मी म्हटलं करवतीच्या असतील. आठवड्यात त्या रेघांत नख जायला लागलं, महिन्यात नाणं, आणि एका रात्री शेडमधून टक् असा आवाज आला. सकाळी बघतो तर गाभ्यापासून सालीपर्यंत उभी चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरामात बोट जाईल एवढी.

तेव्हा वाटलं नशीब खराब, किंवा लाकूडच वाईट. दोन्ही नव्हतं. तो ओंडका फुटणारच होता आणि किती फुटणार हे कागदावर आधीच काढता आलं असतं. तेच गणित आधी सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की मेण लावा, पिशवीत ठेवा, गाभा काढा असल्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, आपल्या आपण सुचत जातात.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची गच्च बांधलेली जुडी असं समजा, नळ्या खोडाच्या उंचीच्या दिशेनं उभ्या. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं, नळीच्या पोकळीत आणि नळीच्या भिंतीत मुरलेलं. बादलीतनं काढलेला टॉवेल आठवा. आधी जे टपटप निथळतं ते गेलं तरी टॉवेल तेवढाच राहतो, मग धाग्यात मुरलेलं पाणी जायला लागतं तेव्हा कुठं तो कडक होतो, आखडतो. लाकडाचंही तेच. पोकळीतलं पाणी जाईपर्यंत लाकूड नुसतं हलकं होत जातं, आकार हलत नाही. भिंतीतलं पाणी निघायला लागलं की आकसणं सुरू.

हा सांधा येतो साधारण २८ ते ३० टक्के ओलाव्यावर. आता हे टक्के जरा विचित्र असतात, ते कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, म्हणून १००च्या वरचा आकडा दिसला तरी ओलावा मोजायचा मीटर बिघडलाय असं समजू नका. ओला तुकडा १८० ग्रॅम, ओव्हनमध्ये १०३ अंशाला वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवला आणि १०० ग्रॅम उरला, म्हणजे पाणी ८० ग्रॅम, ओलावा ८० टक्के. ताज्या तोडलेल्या झाडात असे आकडे नेहमीचेच. आणि शेवट कुठं, तर शून्यावर नाही. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर थांबतं, हवा कोरडी असेल तर आणखी खाली येतं, दमट असेल तर वर राहतं. म्हणजे आपल्याला जो प्रवास सांभाळायचा तो ३० पासून १२ पर्यंतचा, त्याच्या वरचं पाणी कसंही गेलं तरी लाकडाला फारसा फरक पडत नाही. गोची एवढीच की अख्खा तुकडा एकदम ३० वर येत नाही. बाहेरचा पापुद्रा दोन दिवसांत २० वर पोचलेला असतो आणि आत अजून ८० चं तळं.

भांडण तिथंच. पापुद्र्याला आकसायचंय, आतलं लाकूड म्हणतं मी नाही हलणार, मग पापुद्रा ताणला जातो आणि धाग्यांना, म्हणजे त्या नळ्यांना, आडवं ताणलं तर लाकूड फार दम धरत नाही, फाटतं. झाली चीर. म्हणून लाकूड सुकवायचं म्हणजे पाणी काढायचं असं नाही, पाणी काय आपण झोपलो तरी जाणारच आहे, सांभाळायचा असतो तो आतला आणि बाहेरचा फरक. माझ्या मते सगळी विद्या या एका वाक्यात आहे, बाकी मेण, कागद, पिशव्या, खोकी हे सगळं तो फरक कमी ठेवायचे वेगवेगळे जुगाड.

दुसरं गणित आकसण्याच्या दिशेचं. लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. उंचीच्या दिशेनं जवळपास नाहीच, ०.१ ते ०.२ टक्के. गाभ्यापासून सालीकडं म्हणजे त्रिज्येच्या दिशेनं साधारण ४ टक्के, आणि वाढीच्या कड्यांच्या अंगानं, परिघाच्या दिशेनं त्याच्या दुप्पट, ८ टक्के धरा. झाडाप्रमाणं आकडे कमीजास्त होतात, सागासारखं लाकूड कमी हलतं म्हणून तर त्याला एवढा भाव, पण परिघाला त्रिज्येपेक्षा जास्त हे जवळपास सगळीकडं.

आता माझा ३० सेंमीचा ओंडका घ्या. त्याचा परीघ साधारण ९४ सेंमी. त्रिज्या ४ टक्क्यांनी कमी झाली तर वर्तुळ बंद राहायला परीघही ४ टक्क्यांनीच कमी व्हायला पाहिजे, भूमितीला दुसरा मार्ग नाही. पण लाकडाला परीघ ८ टक्के कमी करायचाय. उरलेले ४ टक्के कुठून आणणार? फट पाडून. पूर्ण कोरडं होईपर्यंत ती फट पावणेचार सेंमीच्या आसपास, १२ टक्क्यांवर थांबलो तरी २ सेंमी. एक मोठी पडेल नाहीतर दहा बारक्या पडतील, हळू सुकवलंत तर लाकूड थोडं ताणून घेऊन काही भाग पचवेल, बारीक फांद्या कधीकधी अख्ख्या सुटतातही, पण गाभा पोटात ठेवून गोल ओंडका सुकवायचा आणि चीर नको म्हणायचं हे मागणंच चुकीचं. मी सावलीत ठेवला काय, उन्हात ठेवला काय, तो बिचारा भूमितीनंच गेला.

मग उपाय काय तर ओंडका आपणच आधी फोडायचा. गाभ्यातून उभा चिरून दोन अर्धे केले की त्या ओढाताणीला मोकळी वाट मिळते. अर्ध्या तुकड्याचा सपाट कापलेला चेहरा सुकताना मधून थोडा वर येतो, दोन्ही कडा मागं जातात, तेच ते उरलेले ४ टक्के, आता ते चीर न पाडता नुसता आकार बदलून निघून जातात. नुसतं दोन करूनही भागत नाही, गाभ्याचा जो ठिपका असतो त्याच्या आजूबाजूचं लाकूड झाड लहान असतानाचं, कमकुवत आणि वेडंवाकडं आकसणारं. म्हणून दोन चिरा द्यायच्या, मधून गाभ्याची दोन-तीन सेंमीची फळी काढून टाकायची. जीव तुटतो, मान्य आहे. सुरुवातीला मी गाभा ठेवून वाडगा मोठा निघेल असा हिशोब करायचो, आणि दर वेळी चीर तिथूनच निघायची. आता ती मधली फळी बाजूला काढतो, तिच्या दोन्ही कडांचं लाकूड हँडल-बिंडलला चांगलं येतं, नुसता ठिपका तेवढा फेकायचा.

चिरताना आधी तोंडाकडं नीट बघा. एखादी चीर आधीच पडलेली असेल तर आपला काप तिच्यातूनच न्यायचा, नाहीतर ती दोन्ही तुकड्यांत वाटणीला येते. गाभा मधोमध असेलच असं नाही, फांदीत किंवा कललेल्या खोडात तो एका बाजूला सरकलेला असतो आणि कडी एकीकडं रुंद, दुसरीकडं दाटीवाटीनं. असलं लाकूड ताण घेऊनच वाढलेलं असतं, कातताना चांगलं वाटतं पण सुकताना कुठं पळेल सांगता येत नाही. फुकट मिळालं तरी मी त्यातून फार मोठी आशा ठेवत नाही.

ओंडके आणले तेव्हा लगेच वेळ नसेल तर निदान ते अख्खेच राहू द्या, तुकडे करू नका. पाणी कापलेल्या तोंडातून जेवढ्या वेगानं जातं त्याच्या दहावा-पंधरावा हिस्सा बाजूनं जातं, कारण तोंड म्हणजे त्या सगळ्या नळ्यांची उघडी टोकं. मीटरभराचा ओंडका असेल तर दोन्ही टोकांचे पाच-सात सेंमी फुटतील, ते कापून टाकले की मधलं लाकूड अजून ताजं मिळतं. तोच ओंडका ३० सेंमीचे तीन तुकडे करून ठेवलात तर प्रत्येक तुकडा दोन्हीकडून फुटून मध्ये १६ ते २० सेंमीच उरतं. आणि तोंडं बंद करा, त्याच दिवशी, म्हणजे खरंच त्याच दिवशी, उद्या नाही. पाण्यात मिसळलेलं मेणाचं इमल्शन मिळतं ते ब्रशनं जाड थापायचं, सगळ्यात सोपं. नसेल तर जुना ऑइल पेंट दोन-तीन हात, किंवा लाकडाचा पांढरा गोंद जाडसर. वितळवलेलं पॅराफिन मस्त बसतं पण ते थेट आचेवर कधीच वितळवायचं नाही, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवूनच, कारण मेणाची वाफ पेटली की विझवता विझवता नाकीनऊ येतात. एकदा केसासारखी रेघ दिसायला लागली की वरून मेण लावून उपयोग नाही, ती रेघ आत बरीच खोल गेलेली असते. तेवढं टोक आधी कापायचं आणि ताज्या तोंडाला मेण.

ठेवायचं कुठं? सावलीत, जमिनीपासून वर दोन दांड्यांवर, जिथं वारा झोडपत नाही तिथं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर चालतं, त्यापुढं आत बुरशीचं राज्य. काही जण ओंडके सरळ पाण्यात बुडवून ठेवतात, आणि ते अगदी शहाणपणाचं आहे, बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही म्हणून बुरशी लागत नाही आणि सुकायचा तर प्रश्नच नाही. लाकडाच्या गिरण्या पूर्वीपासून तलावात ओंडके ठेवत आल्यात ते याचसाठी. पानगळीत तोडलेलं लाकूड कोरडं असतं असं बरेच जण ठासून सांगतात, पाण्यात फारसा फरक नसतो हो, फायदा असतो तो वेगळा, थंडीत बुरशी आणि किडे सुस्त असतात आणि साल लाकडाला घट्ट धरून असते, म्हणून सालीसकट काठ ठेवायचा वाडगा करायचा असेल तर तेव्हाचंच लाकूड घ्यावं.

आता मुख्य गंमत. ओल्या अर्ध्या ओंडक्यातून बँडसॉवर, म्हणजे पट्टीच्या यांत्रिक करवतीवर, गोल ठोकळा काढला (कोपरे गेले की वजन कमी, लेथला हादरे कमी) आणि तसाच ठेवला तर ढोबळ नियम असा सांगतात की दर इंच जाडीला एक वर्ष. चार-पाच इंची ठोकळा म्हणजे चार-पाच वर्षं, आणि एवढं करून आतून फुटलेला निघाला तर कुणाला सांगणार. म्हणून वाडगा करणारे दोनदा कातायची पद्धत वापरतात. ओला असतानाच वाडग्याचा ओबडधोबड आकार काढायचा, आतलं लाकूड बरंचसं काढून टाकायचं, जाड भिंतीचा वाडगा सुकवायचा, सुकून वेडावाकडा झाला की परत लेथवर चढवून खरा वाडगा कातायचा. भिंत पातळ म्हणून आत-बाहेरचा फरक कमी, फरक कमी म्हणून चिरा कमी, आणि वेळही वर्षांवरून महिन्यांवर.

ओलं लाकूड कातायची मजा ज्यानं घेतली नाही त्याला सांगून कळायची नाही. हत्यार लावलं की लांबच लांब पट्ट्या सुटतात, धूळ अजिबात नाही, तोंडावर मात्र पाण्याचा फवारा, समोरच्या भिंतीवर ओली रेघ उमटते. फेसशील्ड घालाच, आणि वेग कमी ठेवा, ओल्या ठोकळ्याची एक बाजू दुसरीपेक्षा जड असते आणि त्यामुळं अख्खा लेथ जागचा हलायला लागतो. काम झाल्यावर लेथची पट्टी पुसून तेलाचा हात मारा, एका रात्रीत गंज धरतो. ओकसारख्या ज्या लाकडांत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं त्यांचं तर लोखंडाशी लगेच जमतं, ओल्या वाडग्यावर लोखंडी चकचे (लेथवर वाडगा पकडणाऱ्या जबड्याचे) काळेनिळे ठसे उमटतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडनं जातात, पण ते विषारी आहे, हातमोजे घालून.

भिंत किती जाड ठेवायची याचा नियम व्यासाचा दहावा भाग. ३० सेंमीचा वाडगा तर ३ सेंमी भिंत. हा आकडा मला आधी आजीबाईच्या बटव्यातला वाटायचा, मग एकदा बसून काढला. ओला वाडगा बाहेरून ३०० मिमी, आतून २४०. सुकल्यावर धाग्यांच्या दिशेनं तो ३०० च राहतो, आडव्या दिशेनं १२ टक्के ओलाव्यापर्यंत जवळपास ५ टक्के कमी होतो, म्हणजे २८६. अंडाकृती झाला. आता यातून परत गोल काढायचा तर बाहेरून मोठ्यात मोठा २८६ चा निघेल आणि आतून लहानात लहान २४० चा, म्हणजे भिंत २३ मिमीपर्यंत मिळू शकते, हवी तेवढी बारीक करा. आता समजा घाईत ओल्यातच भिंत १० मिमी केली, आतून २८०. सुकून परत गोल करायला गेलात तर बाहेरून २८६, आतून २८०, भिंत उरली ३ मिमी, आणि मध्ये कुठं जरा पीळ पडला असेल तर भोकच. दहावा भाग कुठून आला कळलं का? फार जाड ठेवली तरी पंचाईतच, मग सुकायला वेळ आणि चिरांना निमंत्रण. आणि सगळीकडं सारखी जाडी ठेवा हो, भिंत ३ सेंमी आणि बूड ६ सेंमी असलं केलं की भिंत सुकून आकसते, बूड ओलंच, आणि दोघांच्या सांध्यावर चीर. चकनं पकडायचा बुडाचा टेनन (बाहेर आलेला गोल खुंट) मात्र जरा मोठाच ठेवायचा, तोही अंडाकृती होणार आहे, परत गोल करायला लाकूड उरायला पाहिजे. टेननच्या मधोमध टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या बाजूच्या सरकत्या आधाराच्या) टोकाचा खड्डा राहू द्या, नंतर तोच एक भरवशाचा मध्यबिंदू असतो.

ओला वाडगा उतरवला की पेनानं बुडावर झाडाचं नाव, तारीख आणि वजन लिहायचं. मी सुरुवातीला लिहायचो नाही, लक्षात राहील म्हणायचो, आणि वर्षानं मांडीवर एक अनोळखी वाडगा घेऊन बसायचो. मग ज्या दोन बाजूंना नळ्यांची टोकं उघडी दिसतात, खरखरीत, थोडी गडद, तिथं मेण. काही जण बाहेरची अख्खी बाजू मेणानं बंद करतात आणि आतली उघडी ठेवतात, म्हणजे वाडगा आतून सुकतो आणि बाहेरचा काठ ताणाखाली येत नाही, अवघड लाकडाला हे चांगलं लागू पडतं. मग कागदी पिशवीत, किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरड्या छिलक्यांत. त्याच वाडग्याच्या ओल्या छिलक्यांत ठेवलं तरी सुकतं पण बुरशी फार, मी दोनदा बुरशीनं केसाळ झालेले वाडगे काढलेत, पांढरी फर असल्यासारखे. पिशवीचं काम एवढंच की वाडग्याच्या भोवतीची हवा थोडी दमट राहावी, पापुद्रा आतल्या लाकडाच्या फार पुढं पळू नये.

मग आळस. आठवड्याला एकदा वजनकाट्यावर ठेवायचं आणि पिशवीवर लिहायचं, बस. गेल्या वेळच्या एका ३० सेंमीच्या वाडग्याची पिशवी समोर आहे, तीच वाचतो: २४०० ग्रॅम, आठवड्यानं २०९०, मग १९००, १७८०, १७००, इथपर्यंत धडाधड. पुढं आठवड्याला चाळीस, वीस, दहा असं करत करत चौथ्या महिन्यात १५०० च्या आसपास घुटमळायला लागला, आज १४९५, पुढच्या आठवड्यात दमट हवेमुळं चक्क १४९९. वजन एकाच जागी वरखाली करायला लागलं की समजायचं वाडगा आणि हवा यांचं जमलं, आता त्यात काढण्यासारखं काही राहिलं नाही. याच्या पुढं सहा महिने ठेवला तरी चालेल, पण सुकण्यासाठी म्हणून नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन फार जोरात उतरत असेल तर पिशवीत पिशवी घाला, उतरतच नसेल आणि बुरशी दिसली तर पिशवीला भोकं पाडा. मीटर आहे म्हणून नुसत्या त्याच्या टोचण्यावर विसंबू नका, दोन सुयांचा मीटर वरवरचं सांगतो आणि ३० टक्क्यांच्या वर तर त्याचे आकडे अंदाजपंचेच. काटा खोटं बोलत नाही.

सगळ्यांनाच एवढं थांबायचं नसतं, आणि त्यांच्यासाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ओल्यातच एकदाच कातून संपवायचं, भिंत ५-६ मिमी, सगळीकडं एकसारखी. एवढी पातळ भिंत काही दिवसांत सुकते, आत-बाहेर असा फरकच राहत नाही, म्हणून फुटत नाही, नुसती वाकते, काठ लाटेसारखा होतो. मला ते फार आवडतं, पण सुकल्यावर गोल राहिला पाहिजे असा हट्ट असेल तर हे आपल्यासाठी नाही. कातायला बसलं की मात्र एका बैठकीत संपवायचं, अर्ध्यात उठून कुणाशी गप्पा मारून आलात तर परत चालू केल्यावर वाडगा आधीच अंडाकृती झालेला असतो आणि हत्यार एका बाजूला लागतं, दुसरीकडं हवेत.

शॉर्टकट बरेच फिरत असतात. ओबडधोबड वाडगा उकळायचा, दर इंच जाडीला तासभर, सगळा पाण्यात बुडेल असा, मग पाण्यातच गार होऊ द्यायचा आणि मग पिशवीत. उष्णतेनं लाकडातला ताण सैल पडतो असं म्हणतात आणि हट्टी लाकडांना याचा फायदा होताना मी पाहिलाय, रंग मात्र थोडा उतरतो. मायक्रोवेव्हही चालतो, कमी पॉवरवर मिनिट-दोन मिनिटं, बाहेर काढून पूर्ण गार, वजन, परत. लोभ केला तर वाडगा आतून जळतो, वरून छान दिसतो आणि मधून धूर येतो, आणि पुढचे आठ दिवस त्या मायक्रोवेव्हमध्ये घरचे काही गरम करू देत नाहीत. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायची एक पद्धत आहे, तिच्यावर लोक हमरीतुमरीवर येतात, मला तरी पिशवीपेक्षा फार वेगळं काही दिसलं नाही आणि एवढं ज्वालाग्राही द्रव बादलीत भरून ठेवायची भीती वाटते ती वेगळीच.

आणि एक पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी. हे कळलं की वरचं सगळं गणित उलटं करून बघितल्यासारखं होतं. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ मध्ये वासा नावाचं जहाज पहिल्याच सफरीवर बुडालं, १९६१ मध्ये ते वर काढलं तेव्हा ओक तीनशे वर्षं पाणी पिऊन बसलेलं होतं, हवेत नुसतं सुकू दिलं असतं तर चिरफाळ्या झाल्या असत्या. म्हणून १९६२ पासून १९७९ पर्यंत, तब्बल १७ वर्षं, त्याच्यावर पीईजी फवारत राहिले. हे रसायन नळ्यांच्या भिंतीत पाण्याची जागा घेतं आणि पाणी गेलं तरी ते तिथंच बसून राहतं, म्हणून भिंत आकसत नाही. वाडग्यालाही ते चालतं, अगदी गाभ्यासकट चकती न फुटता राहू शकते, पण असं लाकूड दमट हवेत चिकट लागतं आणि त्यावर पॉलिश नीट बसत नाही. जहाज ठीक आहे, वाडग्यासाठी मला ते नको.

सुकेपर्यंतचे शत्रू दोन, बुरशी आणि किडे. २० टक्क्यांच्या खाली ओलावा आला की बुरशीचा जोर संपतो, म्हणून घोळ होतो तो पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत, उबदार कोंदट जागेत. आंब्यासारख्या फिकट लाकडात निळे-करडे डाग फार लवकर पडतात, पांढरंशुभ्र लाकूड हवं असेल तर तोडल्याच्या आठवड्यात कातून मोकळं व्हायचं. उलट काही जण मुद्दाम बुरशी लागू देतात, काळ्या नागमोडी रेषा उमटतात आणि लाकूड नकाशासारखं दिसायला लागतं. सुंदर दिसतं, फक्त योग्य वेळी थांबवायला पाहिजे, नखानं दाबून बघा, नख रुतलं तर उशीर झाला, आणि कातताना मास्क लावल्याशिवाय त्याला हात लावू नका. किड्यांना आवडतं ते सालीजवळचं फिकट लाकूड, कारण त्यात स्टार्च. पिशवीच्या तळाशी पिठासारखी बारीक पूड दिसली की तो वाडगा बाकीच्यांपासून लांब न्या. लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापलं की किडे मरतात, परदेशी माल पाठवायच्या लाकडी खोक्यांना हाच आंतरराष्ट्रीय नियम लावतात, त्यामुळं उकळलेल्या वाडग्याला आतल्या किड्यांची काळजी नाही.

मग तो दिवस येतो. अंडाकृती वाडगा परत लेथवर. आधी चांगल्या उजेडात काठ, बूड, सांधा सगळं बघा, बोटांनी टिचकी मारा, चांगला वाडगा खणखणीत वाजतो, चीर असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द. आवाज बद्द आला आणि चीर काठापासून आत गेलेली दिसली तर तो फिरवायचा नाही, कितीही जीव अडकला असला तरी, फिरता तुकडा सुटला तर थेट तोंडावर येतो. बुडावरच्या त्या जुन्या खड्ड्यात टेलस्टॉक टेकवून, आतून गोल ठोकळ्यावर दाबून धरायचा, आधी टेनन गोल करून घ्यायचा आणि मगच चकमध्ये पकडायचा. पहिल्या काही मिनिटांत हत्यार टकटक टकटक वाजतं, फेरीत दोनदाच लागतं, मग आवाज भरत भरत सलग होतो. भिंत हव्या त्या जाडीच्या दोन-तीन मिलीमीटर अलीकडं आली की मी लेथ बंद करतो आणि वाडगा रात्रभर तसाच चकमध्ये सोडतो, कारण लाकूड काढलं की आत दबलेला थोडा ताण सुटतो आणि सकाळी तो केसभर हललेला असतोच. ते केसभर काढून टाकायचं आणि मग सँडपेपर.